निधनवार्तेतील दोन शब्द

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या मार्च महिन्यात, आपल्या दैनिकाच्या निधनवार्तांच्या रकान्यात माझ्या पतीच्या निधनाची बातमी प्रसिद्ध झाली होती. वयाच्या ३६ व्या वर्षी अल्पशा आजाराने निधन झाले, त्यांच्यामागे आई, पत्नी, एक मुलगी व मोठा भाऊ असा परिवार आहे, अंत्यविधी ख्रिस्ती दफनभूमीत होईल, एवढाच तो मजकूर होता. तो माझ्या दिरांनी घाईघाईत लिहून दिला होता आणि आपल्या कार्यालयाने जसाच्या तसा छापला, त्यामुळे आपल्या दैनिकाविषयी माझी काहीही तक्रार नाही. तरीही ‘अल्पशा आजाराने’ हे दोन शब्द वर्षभर माझ्या मनात सलत राहिले आहेत. आजार अल्प नव्हता. पहिल्यांदा रक्त दिसले ते जानेवारी २०२१ मध्ये, निदान झाले ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे १९ महिन्यांनी, आणि निदानानंतर ते जगले तेही १९ महिनेच. आम्ही जेवढा काळ आजार ओळखण्यात दवडला, तेवढाच उपचारांच्या वाट्याला आला. त्या आजाराला नावही होते. तो गुदाशयाचा कर्करोग होता. हे नाव घरात, आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) आणि गावात उघडपणे घेतले जावे, अशी माझ्या पतीची इच्छा होती आणि जगले तोवर त्यांनी ती पाळली. त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही तासांत आम्ही ती मोडली. त्याबद्दल मला लिहायचे आहे.

माझे पती लाइनमन होते. नगर तालुक्यातील आठ-दहा गावांच्या वीजवाहिन्या त्यांच्याकडे होत्या आणि त्या गावांतील प्रत्येक डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ते शेतकऱ्याच्या नावाने ओळखत. वैशाखात वळवाचा पाऊस वाऱ्यासकट आला की त्यांच्या फोनला उसंत नसे. कुठे झाडाची फांदी तारेवर पडलेली असे, कुठे तारा जोडणारा जंप तुटलेला असे, आणि रात्री अकराला निघालेला माणूस पहाटे चिखलाने माखून घरी येई. एका नाताळच्या आदल्या रात्री आमच्या मंडळीचा गाणाऱ्यांचा गट घरोघर फिरत असताना ते एका वस्तीवर खांबावर चढलेले होते, कारण रब्बीच्या पाण्याची पाळी रात्रीची होती आणि ट्रान्सफॉर्मर बंद पडला होता. घरी आले तेव्हा दोन वाजून गेले होते आणि हातात त्या शेतकऱ्याने दिलेली कोवळ्या ज्वारीची कणसे होती. नाताळच्या सकाळी करंज्यांबरोबर आम्ही हुरडा खाल्ला. मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती, आणि तिला हुरडा चारतानाचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

आमच्या जिल्ह्यात मराठी ख्रिस्ती समाज जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते आमच्या उपासनेत आजही गायली जातात. माझे पती रविवारी पेटी वाजवत. शिकलेले वादक नव्हते, वडिलांकडून कानावर पडले तेवढेच त्यांचे शिक्षण होते, पण टिळकांची गीते अभंगाच्या चालीवरच म्हटली पाहिजेत असा त्यांचा आग्रह असे आणि तरुण मुलांनी गिटार आणली तरी ते पेटी बंद करत नसत.

त्यांच्या कामातील एक सवय येथे सांगितली पाहिजे. उपकेंद्रातून लाइन बंद केल्याचे परमिट हातात असले तरी ते त्यावर विसंबत नसत. तार खरोखर मृत आहे की नाही हे ते स्वतः तपासत, तिच्यात उरलेली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड लावत आणि मगच हात घालत. घाई करणाऱ्या नव्या मदतनिसाला त्यांनी एकदा खांबावरून खाली उतरवल्याचे मला ठाऊक आहे. आजार कळल्यानंतर एका रात्री ते म्हणाले, “तार तपासल्याशिवाय मी कधी हात लावला नाही, आणि स्वतःचं रक्त दीड वर्ष न तपासता सोडून दिलं.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेला पश्चात्ताप तेवढाच.

ते दीड वर्ष कसे गेले, हे मी लपवणार नाही. शौचाच्या वेळी रक्त जाते ही गोष्ट त्यांनी पहिले पाच महिने मलाही सांगितली नव्हती. धुण्याच्या कपड्यांवरून मला ती कळली. करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती, रुग्णालयांची भीती सगळ्यांच्याच मनात होती, आणि त्या काळात लाइनमनला सुट्टी नव्हती. आम्ही जवळच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वय विचारले, ३३ ऐकले आणि मूळव्याधीचे मलम व पोट साफ होण्याचे चूर्ण लिहून दिले. तपासणीच्या टेबलावर झोपायला सांगितले नाही. त्यानंतर भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती पाहून ‘बिना ऑपरेशन’ इलाज करणाऱ्या एका दवाखान्यात त्यांनी सहा महिने पुड्या घेतल्या. त्या काळात रक्त कधी कमी होई, कधी वाढे. पोट साफ झाल्यासारखे वाटत नसे, पुन्हापुन्हा जावे लागे, खांबावर चढताना दम लागू लागला. आम्ही त्याचे कारण प्रत्येक वेळी दुसरीकडे शोधले. उन्हाळा आहे, तिखट खाणे आहे, रात्रीची जागरणे आहेत. आप्तांपैकी कोणी विचारले तर ‘पोटाचं दुखणं आहे’ असे आम्ही सांगत असू, कारण त्याहून अधिक काही सांगणे जेवणाच्या ताटावर शक्य नव्हते.

शेवटी रक्ताचे प्रमाण फार घटले म्हणून ज्या सर्जनकडे गेलो, त्यांनी हातमोजा घालून बोटाने तपासणी केली. तिला एक मिनिटही लागले नाही. त्या डॉक्टरांचा चेहरा पाहून मला कळून चुकले. गुदाशयाच्या खालच्या भागातील बऱ्याचशा गाठी एवढ्या साध्या तपासणीत हाताला लागतात, हे मी नंतर शिकले. शौचावाटे रक्त जाणाऱ्या बहुतेक माणसांना मूळव्याधच असते, हेही तितकेच खरे आहे, आणि वाचकांना उगाच घाबरवण्याचा माझा हेतू नाही. पण ती मूळव्याधच आहे हे वयावरून ठरवता येत नाही, पाहूनच ठरवावे लागते. माझ्या पतींच्या गाठीचा तुकडा तपासला तेव्हा तो सिग्नेट रिंग या प्रकारचा निघाला. हा प्रकार झपाट्याने पसरतो आणि तरुण रुग्णांमध्ये तुलनेने अधिक आढळतो. म्हणजे ज्या तरुण वयामुळे आम्ही निर्धास्त होतो, त्याच वयात जरा अधिक सावध राहायला हवे होते.

अहवाल आला त्या दिवशी आमच्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी डॉक्टरांना बाहेर नेऊन विनंती केली की पेशंटला सांगू नका, गाठ आहे एवढेच म्हणा. मायेपोटीच केलेली ती विनंती होती. माझ्या पतींनी दारातून ती ऐकली आणि आत बोलावून म्हणाले, “लाइन कुठं फॉल्ट आहे ते लाइनमनलाच सांगायचं नाही, असं कसं चालेल?” तरीही खरे सांगायचे तर त्या दिवशी त्यांना स्वतःलाही तो शब्द उच्चारता येत नव्हता. तो त्यांना कुठे उच्चारता येऊ लागला, हे मला सविस्तर लिहायचे आहे.

आम्ही परळच्या टाटा रुग्णालयात गेलो. १९४१ मध्ये सुरू झालेल्या त्या रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात आणि आमच्यासारख्या बाहेरगावच्या लोकांचा पहिला प्रश्न असतो तो राहायचे कुठे हा. आम्हाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. ज्या बाबांनी आयुष्यभर हातात खराटा घेऊन गावे झाडली आणि गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या नावाच्या छपराखाली नगरचे एक ख्रिस्ती कुटुंब सात आठवडे राहिले, आणि तिथे आम्हाला कोणी जात-धर्म विचारला नाही. विचारत ते एकच, “तुमचा कशाचा?” जिन्यात, नळावर, चहाच्या रांगेत हाच प्रश्न, आणि त्याचे उत्तरही तितक्याच सरळपणे दिले जाई. माझा जिभेचा. हिचा स्तनाचा. पोराचा रक्ताचा. पहिले दोन दिवस माझे पती ‘पोटाचा’ म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी विदर्भातून आलेल्या एका वयस्क शेतकऱ्याने पुन्हा विचारले, “पोटात कुठं?” तेव्हा त्यांनी मान वर करून ‘गुदाशयाचा’ असे सांगितले. त्या गृहस्थांनी मान हलवली, “माझ्या भावाचाही तोच,” म्हणाले, आणि रेडिएशनच्या आधी मूत्राशय भरलेले असावे लागते म्हणून पाणी किती वाजता प्यायचे, रांगेत उशीर झाला तर काय करायचे, हे सगळे समजावून सांगितले. आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे रेडिएशन आणि सोबत केमोच्या गोळ्या चालल्या. त्यातली निम्मी उपयुक्त माहिती आम्हाला त्या जिन्यात मिळाली आणि ती मिळाली याचे कारण माझ्या पतींनी नाव सांगितले. त्या रात्री ते मला म्हणाले की आपण गावाकडे हे असे कुणाला विचारले असते, कुणी आपल्याला विचारले असते, तर दीड वर्ष गेले नसते.

त्यानंतर शस्त्रक्रिया झाली. गुदाशय पूर्ण काढावा लागला आणि पोटाच्या डाव्या बाजूला कायमचा मार्ग करून त्यावर पिशवी लावावी लागली. रुग्णालयातील परिचारिकेने आम्हा दोघांना ती बदलायला शिकवले. पिशवी लावून माणूस पुन्हा कामावर जाऊ शकतो, प्रवास करू शकतो, मुलीला खांद्यावर घेऊ शकतो, हे त्यांनी करून दाखवले. खांबावरचे काम बंद झाले, पण वरिष्ठांनी त्यांना उपकेंद्रात बसायचे काम दिले आणि साडेतीन महिने ते तिथे जात राहिले. उपासनेला पेटीवर बसताना पिशवीचा आवाज होईल की काय याची त्यांना सुरुवातीला फार भीती वाटे. एकदा तो झाला. त्यांनी पुढचे कडवे जरा मोठ्याने घेतले.

आमच्या मंडळीत रविवारी साक्ष देण्याची पद्धत आहे. देवाने आपल्या आयुष्यात काय केले, ते उभे राहून सांगायचे. २०२३ च्या उन्हाळ्यात एका रविवारी ते उभे राहिले आणि त्यांनी मार्कच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायातील रक्तस्रावी स्त्रीची गोष्ट वाचली. बारा वर्षे तिला रक्त जात होते, अनेक वैद्यांच्या हाताखाली तिने हाल सोसले, होते नव्हते ते सारे खर्च केले आणि दुखणे वाढतच गेले. ती गर्दीत मागून आली आणि लपून येशूच्या वस्त्राला शिवली. त्या स्पर्शासरशी ती बरी झाली. माझ्या पतींचे म्हणणे असे की गोष्ट तिथेच संपायला हरकत नव्हती, पण प्रभू थांबले, मला कोण शिवले असे त्यांनी विचारले आणि भीतीने कापत असलेल्या त्या बाईने सर्वांसमोर सारे खरे सांगेपर्यंत ते पुढे गेले नाहीत. आणि ते ऐकून घेतल्यावर त्यांनी तिला ‘मुली’ अशी हाक मारली. त्यानंतर माझ्या पतींनी स्वतःच्या आजाराचे नाव, त्याची लक्षणे, पाच महिने बायकोपासून लपवणे, पुड्या, सगळे सांगितले. स्त्रिया माना खाली घालून बसल्या होत्या. माझ्या सासूबाई उठून बाहेर गेल्या.

त्या दिवशी उपासनेनंतर तीन पुरुष एकेकटे येऊन त्यांच्याशी बोलले. तिघांनाही रक्त जात होते आणि तिघांनीही घरी सांगितलेले नव्हते. एकाला तपासणीत मूळव्याधच निघाली, आणि ते सांगायला ते पेढे घेऊन आले. दुसऱ्यांच्या आतड्यात एक पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, सापडला, दुर्बिणीतूनच तो काढण्यात आला आणि त्यात कर्करोग नव्हता, मात्र तसाच राहिला असता तर पुढे होऊ शकला असता असे डॉक्टर म्हणाले. तिसरे गृहस्थ अजूनही डॉक्टरांकडे गेलेले नाहीत. मी त्यांना दर रविवारी विचारते आणि ते पुढच्या आठवड्याचे सांगतात.

सगळ्यांना हे आवडले असे नाही. प्रार्थनेसाठी येणाऱ्या काही बंधुभगिनींनी आम्हाला सांगितले की जिभेत जीवन आणि मरण दोन्ही आहे, रोगाचे नाव तोंडाने घेतले की त्याला बळ मिळते, तेव्हा ‘मी बरा झालो आहे’ एवढेच म्हणावे. माझ्या पतींची श्रद्धा पक्की होती आणि ते त्यांच्याबरोबर गुडघ्यांवर बसत, पण ते बायबलमधील याकोबाच्या पत्राची आठवण देत. दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठांना, बोलवावे असे तिथे लिहिले आहे, आणि बोलवायचे तर सांगावे लागते. काहींनी त्यांच्या विश्वासातच उणीव काढली. त्या वेळी मला फार राग आला होता. आज तो निवला आहे, परंतु आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या श्रद्धेचे माप काढू नये, असे मला आजही वाटते. बायबलमधील दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले, आणि त्यांचे बिनसले ते बोलू लागल्यावर. वीज कंपनीतील सहकारी येत ते तसेच बसत. त्यांपैकी दोघे ड्यूटी संपवून रोज रात्री येत आणि काही न बोलता त्यांचे पाय चेपत.

दिवाळीच्या सुमारास रोग पोटाच्या अस्तरात पसरल्याचे कळले. पुढच्या चार महिन्यांविषयी मी थोडेच लिहिते. वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या लागत आणि त्या कोणत्याही औषध दुकानात मिळत नाहीत. यासंबंधीचा कायदा २०१४ मध्ये सुटसुटीत झाला असला तरी माझ्या दिरांना त्यासाठी दर पंधरवड्याला पुण्याला जावे लागे. त्या गोळ्यांनी त्यांना झोप दिली आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत मुलीशी बोलता येईल इतके भान ठेवले. ते घरीच गेले, पहाटे, मी, सासूबाई आणि दीर जवळ असताना.

सकाळी नऊच्या आत आपल्या कार्यालयात मजकूर पोचवायचा होता. दिरांनी कागद घेतला, ‘कर्करोगाने’ असे लिहिले आणि सासूबाईंनी ते खोडायला लावले. त्यांचे म्हणणे मला त्या क्षणीही कळत होते. लोक हा रोग लागट समजतात, घराण्याला चिकटलेला समजतात, उद्या नातीचे लग्न ठरवताना कोणीतरी वर्तमानपत्राचे कात्रण काढील. त्यातही हा रोग ज्या अवयवाचा होता, तो आपल्या मुलाच्या नावाशेजारी छापलेला पाहणे त्यांना असह्य होते. मी काही बोलले नाही. मी तेव्हा बोलायला हवे होते.

कारण ज्या नातीच्या काळजीने ते नाव खोडले गेले, तिलाच त्या नावाची सर्वांत जास्त गरज आहे. आई, वडील किंवा भावंडाला तरुण वयात मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झाला असेल, तर जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांनी त्या वयाच्या दहा वर्षे आधीपासून दुर्बिणीची तपासणी सुरू करावी, असा वैद्यकीय सल्ला आहे. माझ्या पतींना निदान झाले तेव्हा ते ३४ वर्षांचे होते, म्हणजे माझ्या मुलीची तपासणी चोविसाव्या वर्षी सुरू व्हायला हवी. ती आज साडेसहा वर्षांची आहे. माझे काही बरेवाईट झाले तर तिला हे कोण सांगणार, आणि कोणता कागद सांगणार? मृत्यूचा दाखला सांगणार नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच अशी तरतूद आहे की नोंदवहीच्या उताऱ्यावर मृत्यूचे कारण उघड करू नये. त्यामागे खासगीपणा जपण्याचा चांगला हेतू असेल. २०२३ च्या दुरुस्तीने रुग्णालयाने कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी असे ठरले, ही चांगली गोष्ट झाली, पण पिढ्यान्‌पिढ्या घरात जपला जातो तो दाखलाच, आणि त्या जोडीला वर्तमानपत्राचे कात्रण. माझे दीर ४१ वर्षांचे आहेत. भावाच्या मृत्यूनंतर आठ महिने त्यांनी टाळाटाळ केली आणि मग एकदाची तपासणी करून घेतली. ती स्वच्छ निघाली. ‘अल्पसा आजार’ म्हटल्याने आपल्याला काही झालेच नाही असे वाटू लागले होते, असे त्यांनी स्वतःच मला सांगितले.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला आणि नऊ लाखांहून अधिक लोक त्याने दगावले, असा जागतिक अंदाज आहे. आपल्या दैनिकातील निधनवार्ता वाचून मात्र असे वाटेल की महाराष्ट्रात माणसे अल्पशा आजाराने, दीर्घ आजाराने, नाहीतर हृदयविकाराच्या झटक्याने जातात. हृदयविकाराचे नाव आपण लिहितो, अपघात लिहितो, करोनाच्या काळात करोनाही लिहिला, आणि कर्करोगापाशी आपला हात थांबतो. सरकारच्या तपासणी कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांचा समावेश आहे, म्हणजे माझ्या पतींच्या आजाराबाबत सामान्य माणसाच्या हातात लक्षण ओळखून बोलणे एवढेच उरते. बोलण्याने काय साधते हे आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात सिद्ध झालेले आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन स्त्रियांना लक्षणे समजावून सांगू लागले आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या.

माझ्या पतींना दोन माणसांविषयी बोलायला आवडे. एक शरद पवार, ज्यांनी तोंडाच्या कर्करोगावरील २००४ मधील शस्त्रक्रियेविषयी आणि तंबाखूविषयी जाहीर सभांतून मोकळेपणाने सांगितले. राजकारण बाजूला ठेवून ते त्यांचे हे ऋण मानत. दुसरा हॉलिवूडचा अभिनेता चॅडविक बोसमन. तोही बाप्टिस्ट मंडळीत वाढलेला, लहानपणी चर्चमध्ये गाणारा, आणि त्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचे २०१६ मध्ये कळले होते. त्याने ते जगापासून लपवले, उपचार घेत काम करत राहिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये, ४३ व्या वर्षी तो गेल्यावरच लोकांना कळले. माझे पती त्याला कधी दोष देत नसत. ज्याचा देह त्याने ठरवावे, असे म्हणत. पण त्याच्या मृत्यूची बातमी आपण त्याच वेळी, पहिले रक्त दिसण्याच्या पाच महिने आधी, नीट वाचली असती तर, हा विचार त्यांना छळत असे.

म्हणून माझ्या आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. निधनवार्ता देण्यासाठी आपल्या कार्यालयात जो छापील नमुना असतो, त्यात ‘मृत्यूचे कारण (कुटुंबाची इच्छा असल्यास)’ अशी एक ओळ घालावी. सक्ती कोणावरही नको, दुःखात असलेल्या घरावर तर नकोच, पण ती ओळ समोर असेल तर निदान एखादा दीर ती खोडण्याआधी क्षणभर थांबेल. दुसरी विनंती अवघड आहे, याची मला कल्पना आहे. निधनवार्तांच्या शेजारच्याच रकान्यात मूळव्याध, भगंदर बिना ऑपरेशन, खात्रीशीर, अशा छोट्या जाहिराती सर्वच दैनिकांत असतात. त्या छापणे थांबवता येत नसेल तर ‘रक्त जात असल्यास प्रथम डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी’ अशी एक ओळ त्यांच्याखाली आपण आपल्या वतीने छापावी. माझे पती ती ओळ वाचून गेले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही. मी त्यांना नक्की पाठवले असते.

येत्या मंगळवारी त्यांचा पहिला स्मृतिदिन आहे. त्यानिमित्त छापायचा मजकूर या पत्रासोबत वेगळ्या कागदावर पाठवत आहे, त्याचे शुल्क भरले आहे. त्यात त्यांचे पूर्ण नाव आहे आणि मृत्यूचे कारणही आहे. तो मी काल रात्री सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एवढेच सांगितले की ‘गुदाशयाच्या’ऐवजी ‘मोठ्या आतड्याच्या’ असे लिही. गुदाशय हा मोठ्या आतड्याचाच शेवटचा भाग असल्याने ते खोटे ठरत नाही, म्हणून मी तसा बदल केला. या पत्रात मी अवयवाचे नाव स्पष्ट लिहिले आहे, तेव्हा पत्राखाली आमचे नाव असू नये, ही त्यांची दुसरी अट होती आणि तीही मी मान्य केली आहे. कागद घडी करून ठेवत होते तेव्हा त्यांनी मला पुन्हा हाक मारली.

“तो लाइनमन होता, हे लिहिलंस का?”

ते राहून गेले होते. मी नावाच्या आधी तो शब्द घातला.

आपली नम्र,
एक शिक्षिका व वाचक,
अहिल्यानगर
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.)